दुखतंय, थकलंय का रुसलंय?

अक्का कुणालाही "कशा आहात?" असं विचारायच्या नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "दुखून राहिलंय, थकलंय, का रुसलंय?"

नवा माणूस गडबडायचा. काय दुखतंय, कोण रुसलंय, त्याला काही उमजायचं नाही. अक्का उत्तरासाठी थांबत नसत. चष्मा कपाळावर चढवायच्या, त्या माणसाला पाठमोरं उभं करायच्या आणि हाताला लागेल त्या कागदावर दोन रेघा ओढायच्या. एक खांद्यांची, एक कण्याची. त्या दोन रेघांत तो माणूस असा उतरायचा की नाव लिहायची गरज नसायची. मग कागद त्याच्या हातात द्यायच्या आणि त्याला कोणती मालिश लागते ते सांगायच्या.

लातूरला आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. मूळच्या उदगीरकडच्या. लग्न केलं नव्हतं. मुख्याध्यापकांपासून शिपाईमामांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्काच. मालिश सांगायच्या, पण स्वतः कुणाला बोटही लावत नसत. "मी सांगणारी. करणारी न्हाई." आणि स्वतःच्या अंगालाही कुणाचा हात लागू देत नसत. संक्रांतीला कुंकू लावायला पुढं झालं तरी "दे इकडं" म्हणून करंडा घ्यायच्या आणि आपलं आपण लावायच्या.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवते आणि वेळापत्रक करते. परीक्षेच्या ड्यूट्याही मीच लावते. कुणाला काय, कुठं आणि कधी, हे ठरलेलं असलं की माझं डोकं शांत राहतं. त्यामुळे अक्कांच्या या शास्त्रातली शिस्त मला पहिल्यापासून आवडली. लोकांना वाटतं मालिश म्हणजे मालिश. अक्कांच्या हिशेबी लावणं वेगळं, चोळणं वेगळं, चेपणं वेगळं, रगडणं वेगळं, तुडवणं वेगळं. कातडी कोरडी पडली तर नुसतं लावायचं. अंग दमलं असेल तर चोळायचं, तेही हलक्या हातानं. उभं राहून पाय भरून आले असतील तर चेपायचं. रगडणं फक्त कसलेल्या अंगासाठी, आणि अंग आधी गरम झालेलं हवं. तुडवणं अगदी शेवटी, तेही कोण तुडवणार ते बघून. या सगळ्यांच्या वर जिरवणं. म्हणजे घाई न करता, कातडी आपणहून तेल पिईपर्यंत हात फिरवत राहणं.

"आपल्या शाळेत तेल लावणारे लई हायत," मुख्याध्यापकांच्या दाराकडं बघत त्या म्हणायच्या, "जिरवणारं कोणी न्हाई."

निवड कशी करायची, त्याचं सूत्रही त्यांनी बांधून ठेवलं होतं. दुखतं त्याला डॉक्टर, थकलं त्याला तेल, रुसलं त्याला माणूस.

हे सूत्र वाटतं तितकं विनोदी नव्हतं. गणिताच्या बाईंच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या होत्या आणि त्या रोज रात्री मोलकरणीकडून पाय चेपून घेत होत्या. अक्कांनी भर स्टाफरूममध्ये त्यांना दटावलं, "हे दुखणं हाय. ह्याला हात लावू देऊ नको कुणाला. गुमान डॉक्टरकडं जा." सूज असेल, ताप असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर मालिशचं नावसुद्धा काढायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. आणि रुसलेलं अंग म्हणजे जे खाऊनपिऊन, झोपून, औषध घेऊनही जडच राहतं ते. त्याला तेल पुरत नाही, ओळखीचा हात लागतो.

पण ओळखीचा हात म्हणजे घरचाच, असंही नव्हतं. इंग्रजीच्या सरांचं डोकं सारखं चढायचं. त्यांना अक्का म्हणाल्या, "थकलंय. चंपी करून घ्या. बायकोकडून नको, न्हाव्याकडून. बायकोचा हात चालतो तसं तोंड बी चालतं."

"अक्का, न्हावी तर त्याहून जास्त बोलतो."

"बोलू द्या की. त्याला हां म्हणावं लागत न्हाई."

सरांनी तो कागद पाकिटात ठेवला होता. अजूनही असेल. गणिताच्या बाईंचा कागद टेबलाच्या काचेखाली होता. शिपाईमामांनी आपला कागद घंटेच्या खिळ्याला अडकवला होता.

सुट्टीच्या दिवशी अक्का लग्नांना जायच्या. लग्न ओळखीतलं आहे की नाही, याची फार चौकशी करायच्या नाहीत. "मी जेवायला कमी जाते, पाठी बघायला जास्त जाते. पंगतीत माणूस वाकतंय तवा त्याचं खरं समजतंय." एकदा त्यांनी नवरीच्या मामाला मांडवात अडवून कंबरेला शेक घ्यायला सांगितला होता. मामा नारळ घेऊन अंतरपाटाकडं निघाला होता.

त्या चुकायच्याही. आणि चुकल्या तर खाली बघत नसत. मुख्याध्यापक सरांची पाठ आखडली तेव्हा अक्कांनी त्यांना तुडवून घ्यायला सांगितलं. "पालथं झोपा अन् नातवाला पाठीवरून चालवा." दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. आले तेव्हा पट्टा बांधून आले, आणि त्यांना खुर्चीत बसवायला आमच्यापैकी दोघं लागले.

"अक्का, तुमच्या नादी लागून मी कामातून गेलो!"

"नातू केवढा?"

"बारावीला आहे."

"अहो, मी धाकट्या नातवाचं म्हणून राहिले होते! बालवाडीतला! तुम्ही पैलवान उभा केला अन् माझ्या नावानं बोंबलता?"

सर पट्टा धरून हसू दाबत राहिले. हसलं की त्यांना कळ येत होती.

असं सगळ्या शाळेचं झालं. माझं तेवढं झालं नाही.

माझी मान दुखायची. वेळापत्रक आता संगणकावर करावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत मी उठत नाही. मी अक्कांपुढं उभी राहायचे, आपणहून पाठमोरी व्हायचे, हवं तर पेन्सिलही पुढं करायचे. अक्का चष्मा डोळ्यांवरच ठेवायच्या. "तुझं राहू दे."

"का पण?"

"तुला अजून टाइम हाय."

नव्यानं लागलेल्या लेखनिकाला कागद मिळाला. पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मिळाला. एका पालकाला मिळाला, जो केवळ मुलाचा दाखला न्यायला आला होता. मी त्या शाळेत अक्कांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते, त्यांचा चहा गाळून देत होते, त्यांना पहिला तास कधी लागू देत नव्हते. आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली वेळापत्रकच होतं.

मग मी ठरवलं, आपलं आपण बघू. एकेक प्रकार घ्यायचा, परिणाम बघायचा, पुढं जायचं.

उन्हाळ्यात माहेरी नांदेडला गेले तेव्हा वहिनी मला एका नव्या स्पामध्ये घेऊन गेली. तिथं हॉटेलसारखं मेनूकार्ड होतं. स्वीडिश, थाई, डीप टिश्यू. करायचंच तर पक्कं करावं म्हणून मी डीप टिश्यूवर, म्हणजे खोल रगडण्यावर, बोट ठेवलं. मुलीनं विचारलं, "मॅम, प्रेशर सॉफ्ट, मीडियम की हार्ड?" मी म्हटलं, हार्ड. दुसऱ्या दिवशी हाक ऐकू आली की मला बैलासारखं अख्खं अंग वळवावं लागत होतं.

"ताई, कढई घासायला द्यावी तसं अंग दिलं की तुम्ही तिला," वहिनी म्हणाली.

लातूरला परतल्यावर मी हे अक्कांना सांगितलं. माझ्या मनात होतं, आता तरी कागद ओढतील. त्या म्हणाल्या, "जोर मागितलास. गुण कधी मागितलास?" आणि वर्गावर गेल्या.

नंतर थाई केली. त्यात कपडे अंगावर असतात, तेल नसतं, आणि समोरची व्यक्ती तुमचे हातपाय ओढून तुमच्याकडून आसनं करून घेते. अंग आखडलेलं असेल त्याला चांगली. मला हलकं वाटलं, घरी पोहोचेपर्यंत. मग केरळी पद्धतीच्या केंद्रात शिरोधारा केली. कपाळावर तेलाची धार धरतात, मन शांत होतं म्हणे. मी ती धार चालू असताना आठवीचं वेळापत्रक जुळवून टाकलं. ऑनलाइन मागवलेलं थरथरणारं यंत्र ह्यांनी पळवलं, ते अजून त्यांच्याच गुडघ्यावर चालतं. शेवटी फिजिओथेरपिस्टकडं गेले. त्यांनी खुर्चीची उंची बदलायला लावली आणि मानेचे व्यायाम दिले. मान खरंच दुखायची थांबली. ज्याची मान दुखते त्याने आधी तिथंच जावं, वेळ वाचेल.

मान दुखायची थांबली, पण मी अजून अक्कांपुढं पाठमोरी उभी राहतच होते.

अशात विज्ञानाला एक मॅडम आल्या. नायगावच्या. वयानं माझ्याहून खूप लहान. नवरा हदगावला नोकरीला, लेक नायगावला सासूबाईंकडं, आणि ही लातूरला एका खोलीत एकटी. पहिल्याच आठवड्यात ती स्टाफरूमच्या दारात उभी होती, आत यावं की नाही अशी. अक्कांनी चष्मा वर केला. कागद घेतला, पेन्सिल टेकवली आणि रेघ न ओढताच खाली ठेवली.

"पोरी, संध्याकाळी घरी ये."

अक्कांच्या घरी मी दिवाळीला जाऊन आले होते, तेही दारातून.

दुसऱ्या दिवशी नायगावची माझ्याकडं आली. "मॅडम, काल अक्कांनी माझ्या तळपायाला काशाची वाटी घासली. तळवे काळेकुट्ट झाले! पण झोप काय लागली म्हणून सांगू."

"कुणी घासली?"

"अक्कांनी."

"म्हणजे सांगितली. घासली कुणी?"

"अक्कांनीच. माझे पाय मांडीवर घेतले आणि घासली."

वाटीचं मला नवीन नव्हतं. तळव्याला तूप लावायचं आणि काशाची वाटी उपडी धरून गोल गोल घासायची. अंगातली उष्णता उतरते, डोळे निवतात. तळवे जितके काळे, तितकी उष्णता जास्त निघाली, असं आपल्याकडं धरतात. माझ्या आजीच्याही घरी वाटी होती. मला नवीन होतं ते, अक्कांचा हात एका माणसाला लागला, आणि तो माणूस मी नव्हते.

त्यात ही विज्ञानाची. मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाली, "पण अक्का, ती काही उष्णता नसते हं. काशात तांबं असतं. घासलं की धातूच झिजतो आणि तुपात काळा दिसतो."

अक्कांना उलट बोलायचं कुणी? अक्का हसायला लागल्या. अशा हसल्या की चष्मा कपाळावरून नाकावर आणि नाकावरून मांडीत पडला. "बरं बाई, तांबं तर तांबं! निघालं ना?"

इतकी वर्षं मी अदबीनं गप्प बसले. माझ्यावर त्या असं एकदाही हसल्या नाहीत.

ती एकटी होती, लेकराच्या आठवणीनं तिचे डोळे लाल असायचे, झोप नव्हती. तिला वाटी लागणार हे मलाही दिसत होतं. कारण मला पूर्ण पटत होतं. पण पटणं वेगळं आणि सोसणं वेगळं. त्या दोघी खिडकीपाशी बोलत उभ्या राहिल्या की माझ्या वहीतली रेघ वाकडी जायची.

पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागलं तेव्हा अक्कांचा मोकळा तास आणि तिचा मोकळा तास एकदाही समोरासमोर आला नाही. वेळापत्रकात अशा गोष्टी होतात. प्रयोगशाळा एकच असते, चित्रकलेचा हॉल एकच असतो.

अक्का फळ्यापुढं बराच वेळ उभ्या होत्या. चष्मा कपाळावर. मग माझ्याकडं वळल्या.

"लई बारीक मालिश केलीस गं वेळापत्रकाची. एक बी गाठ मोकळी सोडली न्हाईस."

"जमलंय ना पण?"

"जमलंय की. झकास जमलंय."

आणि त्या दोघी मधल्या सुट्टीत बसायला लागल्या. मधली सुट्टी सगळ्या शाळेला एकदमच द्यावी लागते.

अक्का निवृत्त झाल्या. उदगीरला बहिणीकडं जायचं ठरलं. सामान बांधायला मी गेले, कारण असं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. नायगावचीलाही यायचं होतं. तिला त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षेची ड्यूटी होती.

दुपारपर्यंत मी खोकी भरली, चिकटपट्टी लावली, प्रत्येकावर काय आहे ते लिहिलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर मागं, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली वाटी सापडली. बूड घासून घासून गुळगुळीत झालेली. मी ती हातात धरून उभी राहिले.

"भांड्यांत टाकू का वेगळी ठेवू?" मी विचारलं.

अक्का एका बांधलेल्या खोक्यावर बसल्या होत्या. मग मला राहवलं नाही.

"अक्का, तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं. दाखला न्यायला आलेल्याला सांगितलं. लग्नातल्या मामाला सांगितलं. मला एकदा सांगा. उद्या तुम्ही जाणार. दुखतंय, थकलंय का रुसलंय?"

अक्कांनी चष्मा वर केला. पहिल्यांदा, माझ्यासाठी.

"तुझं दुखत न्हाई. थकणारी तू न्हाईस. अन् रुसलेलं बी न्हाई."

"मग?"

"तुझं जळून राहिलंय."

चिकटपट्टीची गुंडाळी माझ्या मनगटात होती. मी ती काढली, घातली, परत काढली.

"ती आल्यापासून?"

"ती काल आली गं. इंग्रजीच्या सरांना न्हाव्याकडं धाडलं तवापासनं बघून राहिले मी. तुला मालिश नको होती बाई. तुला त्यांना सांगितलेली मालिश पाहिजे होती. दुसऱ्याची मालिश आपल्या अंगाला कशी लागू पडंल?"

"मग तेव्हाच सांगायचं ना. काही इलाज नव्हता का?"

"इलाज हाय की. पण जळतंय त्याला सांगावं तर ते आणखी जळतंय. त्यानं आपल्या तोंडानं विचारावं लागतंय. आता विचारलंस. पाय पुढं कर."

तुपाचा डबा मी बांधून टाकला होता. खोकं परत फोडलं. जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर मी बसले आणि अक्कांनी माझा पाय मांडीवर घेतला. वाटीचं बूड आधी गार लागलं, मग कोमट. घासताना एक बारीक आवाज येत होता, जात्याच्या फार लांबून येणाऱ्या घरघरीसारखा. अक्कांचा हात मला वाटला होता त्याहून जड होता. मध्ये त्या दम घ्यायला थांबायच्या, पण पाय सोडत नसत. दुपारी डोळा लागणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी, खोक्यांना टेकून, मला झोप लागली.

जाग आली तेव्हा त्या दुसऱ्या पायाचं संपवत होत्या. तळवे तव्यासारखे काळे.

"बघ, किती निघालं."

मी बघितलं. आणि माझ्या तोंडून गेलं, "तिचे एवढे काळे झाले होते का?"

वाटी थांबली. अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला, नाकावरून मांडीत पडला. डोळे पुसत म्हणाल्या, "न्हाई गं माझे बाई. तुझ्या पासंगाला बी न्हाई पुरायची ती."

तेवढं ऐकून मला जो गारवा वाटला तो वाटीनंही वाटला नव्हता.

उठले तेव्हा वर्तमानपत्रावर माझ्या दोन्ही पावलांचे काळे ठसे उमटले होते. अक्कांनी तो कागद उचलून माझ्या हातात दिला. "घे. तुझं चित्र तूच काढलंस." मी त्याची नीट घडी घातली. वाटी वेगळी बांधली, वर "वाटी" असं लिहिलं, आणि ती उदगीरला गेली.

आता माझी स्वतःची वाटी आहे. गंजगोलाईच्या बाजारातून आणली, दुकानदाराकडून वाजवून घेतली, कारण काशाच्या नावाखाली पितळ देतात. आपल्याच तळव्याला वाटी धड घासता येत नाही, म्हणून ह्यांना शिकवलं. बातम्या बघत बघत घासतात, पण घासतात. शाळेतही ठीक चाललंय. यंदा नायगावचीचा आणि माझा मोकळा तास एकाच वेळी आला आहे. वेळापत्रकात अशा गोष्टी होतात. पोरगी वाईट नाही. चहा चांगला करते.

परवा त्याच तासाला ती म्हणाली, "मॅडम, काल अक्कांचा फोन आला होता. किती वेळ बोलत होत्या!"

मी म्हटलं, "हो का? छान."

संध्याकाळी घरी आले, पर्स ठेवली, चपला काढल्या, आणि खुर्चीत बसून पाय पुढं केले.

"अहो," ह्यांना म्हटलं, "वाटी काढा."